आश्विनपेटी कोणी पळवली?

"बेलापूरच्या खाडीपासून ऐरोलीच्या खाडीपर्यंत, मधल्या सगळ्या सेक्टरांत, सम आणि विषम दोन्ही, गुन्हेगार ज्या एका नावाला चळाचळा कापतो, ते नाव हौसेराव मगदूम. उंची पाच फूट साडेतीन इंच, प्रमाणित मापाने. नजर अशी की समोरच्याने सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी सांगावं. बुद्धी तेज, बोलणं मोजकं, मिशी काळी. निसर्गाने हे रत्न सानपाड्यात जन्माला न घालता सांगलीकडे का घातलं, हे एक कोडंच आहे. पण उशिरा का होईना, हौसेराव सानपाड्यात आले आणि सानपाड्याचं भलं झालं."

वरचा परिच्छेद माझा नाही. तो हौसेरावांनी बाल्कनीत येरझाऱ्या घालत मला सांगून लिहून घेतला. 'मिशी काळी' मी दोनदा खोडलं, त्यांनी दोनदा परत घालायला लावलं. इथून पुढे मी.

मी युसुफ मुकादम. गाव श्रीवर्धनजवळ, नोकरी वाशीच्या मसाला मार्केटात, राहणं सौख्यदीप सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. समोरच्या दारात हौसेराव. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होते. रिटायर झाले आणि तपासायला तराजू उरले नाहीत, म्हणून माणसं तपासायला लागले. डिटेक्टिव्ह म्हणून त्यांनी कार्डं छापून घेतली, त्यावर फोन नंबर माझा टाकला आणि पुढे 'पी.पी.', म्हणजे शेजाऱ्याचा फोन, असं लिहिलं. त्यांचा फोन तेव्हा वेटिंग लिस्टवर होता. अशा रीतीने मी त्यांचा असिस्टंट झालो. मला कोणी विचारलं वगैरे नव्हतं.

माणूस वाईट नाही. रिकामा आहे, एवढंच. आजवर त्यांनी दोन केसेस सोडवल्या होत्या. एक, गंगाराम वॉचमनची हरवलेली डावी चप्पल. ती तीन दिवसांच्या तपासानंतर हौसेरावांच्याच पायात सापडली. दुसरी अजून सोडवायची आहे, पण ते तिला सोडवलेल्यांत धरतात.

आणि मग आली आश्विनपेटीची केस.

आमच्या सोसायटीचं एक वाचनालय होतं. तळमजल्यावर, पंपाच्या खोलीला लागून, एक अंधारी खोली, आणि ते चालवणाऱ्या सरोजिनी गद्रे. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो. काकूंनी सगळी नोकरी मुंबईच्या एका दवाखान्यात केसपेपर लिहिण्यात काढली. एवढी दुखणी लिहून काढल्यावर त्यांनी ठरवलं होतं की वाचायचं ते हलकंफुलकंच. वाचनालयात जाडजूड गंभीर पुस्तकं होती, ती वर्षभर असायची आणि वर्षभर तिथेच असायची. काकूंची खरी जान एका पत्र्याच्या पेटीत होती. त्या पेटीत बासष्ट कादंबऱ्या. त्यांच्यात कोणी मरत नाही. फार तर दूध उतू जातं, पाहुणे चुकीच्या घरी उतरतात, घरमालकाची टोपी भाडेकरूचा कुत्रा पळवतो.

ही आश्विनपेटी वर्षातून एकदाच, कोजागिरीला उघडायची आणि लक्ष्मीपूजनाला बंद व्हायची. काकूंचं म्हणणं असं, की पाऊस गेलेला असतो, दिवाळीचा फराळ अजून सुरू व्हायचाय, ऑक्टोबरच्या दुपारी जीव नकोसा होतो. अशा वेळी जड पुस्तक हातात घेतलं की माणूस झोपतो आणि पुस्तक नाकावर पडतं. आश्विनात हलकंच वाचावं, ते पचतं.

सोसायटीचे अध्यक्ष दिलीप कारखानीस यांना हे पटत नव्हतं. "असली पुस्तकं कोण वाचतं हो?" ते म्हणायचे. "लोक काकूंकडे बघून नेतात आणि तशीच परत आणून देतात." त्यांना ती खोली केबलवाल्याला मशीन ठेवायला द्यायची होती. म्हणून त्यांनी नोटीस काढली. कोजागिरीच्या आदल्या रविवारी, संध्याकाळी चार वाजता सभा. काकूंनी सभेपुढे बासष्टच्या बासष्ट पुस्तकं दाखवावीत आणि ती वाचली जातात हे सिद्ध करावं, नाहीतर खोली केबलला.

काकूंना त्या नोटिशीने झोप नव्हती. त्यातच दसऱ्याला त्या दोन दिवस बहिणीकडे खांदेश्वरला गेल्या. गुरुवारी संध्याकाळी परत आल्या, खोली उघडली, पेटीचं झाकण वर केलं आणि मटकन खाली बसल्या. पेटी साफ रिकामी होती.

काकूंनी काय झालं ते न सांगताच गंगारामला माझ्याकडे पिटाळलं, पोलिसांना फोन लावायला. दार उघडलं हौसेरावांनी. दार माझं, पण उघडलं त्यांनी, कारण त्यांचा चहा माझ्याकडे चालला होता.

"पोलीस?" हौसेराव म्हणाले. "मर्दा, दारात नदी असताना टँकर कशाला मागवायचा? चल, युसुफ."

खाली काकू पेटीजवळ बसल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "युसुफ, एक पण नाही रे ठेवलं. रविवारी काय दाखवू मी?" त्यांचा आवाज फुटला, आणि मला काय बोलावं सुचेना.

हौसेरावांना सुचलं. "बाई, ही गोष्ट या तिघांबाहेर जाता कामा नये. चोराला कळलं की आम्ही त्याच्या मागे लागलोय, तर तो माल हलवेल. तुम्ही दार लावून घरात बसायचं. कोणी आलं तर डोकं दुखतंय म्हणून सांगायचं. युसुफ, तूपण. बायकोलासुद्धा सांगायचं नाही. घे शपथ."

मी घेतली. माझी बायको खुर्शीद हिच्यापासून मी लग्नानंतर पहिल्यांदाच काहीतरी लपवत होतो, म्हणून मला आतून थोडं भारी वाटलं, हे कबूल करतो. रात्री ती काहीतरी सांगायला आली, "आवो, गच्चीवर आज काय मज्जा—" मी घाईघाईने दिवा मालवून घोरायला लागलो. तोंड उघडलं तर गुपित बाहेर पडेल याची भीती.

हौसेरावांनी वाचनालयाच्या दाराला लाल फीत लावली. ती त्यांच्या बायकोच्या, गोजराकाकींच्या साडीचा फॉल होती. वर पाटी टांगली, 'अत्यंत गोपनीय कारणास्तव वाचनालय बंद.'

मी मार्केटातून दोन दिवसांची रजा टाकली आणि शुक्रवारी सकाळी आम्ही घटनास्थळाची पाहणी सुरू केली. हौसेरावांनी नाक फेंदारून वास घेतला.

"क्लोरोफॉर्म."

"ओल आलीय," मी म्हणालो. "पंपाचं पाणी झिरपतं भिंतीत. आणि डांबरगोळ्या."

"तू मसाल्यात काम करतोस. तुझं नाक बाद आहे." त्यांनी जमिनीवर वाकून भिंग लावलं. "पावलं! अनवाणी. बाईमाणूस. पेटीपर्यंत आली, गेली, आली, गेली, चार वेळा. म्हणजे घाबरलेली होती. तिची सारखी माघार चालली होती."

तेवढ्यात ती पावलं स्वतःच हजर झाली. रंगूबाई, आमच्या जिन्यांची झाडलोट करणारी. रोज शिरवण्याहून चालत यायची. हातात झाडू, कमरेला खोचलेला पदर, आणि ती फीत बघून न बघितल्यासारखं करून सरळ आत शिरत होती.

"थांब!" हौसेराव ओरडले. "पुराव्यावर झाडू फिरवतेस?"

"सायब, त्या पेटीचा सांगाला आले मी. बाय आल्या का गावशी? त्यांना सांगाचा हाय, मी—"

"साक्ष मी मागीन तेव्हा द्यायची. मधे बोलायचं नाही. आणि रविवारपर्यंत इकडे फिरकायचं नाही. तुझी सुट्टी."

"भरपगारी?"

"भरपगारी."

रंगूबाईने आमच्या दोघांकडे एकदा नीट बघितलं, झाडू भिंतीला टेकवला आणि जे काही सांगायचं होतं ते पोटात ठेवून शिरवण्याला चालती झाली. मी म्हणालो, "हौसेराव, ती काहीतरी सांगत होती."

"युसुफ, एक तत्त्व लिहून ठेव. थेट प्रश्न विचारायचा नाही आणि थेट उत्तर ऐकायचं नाही. ते पोलीस करतात. आपण आडून जायचं."

मी लिहून ठेवलं. पुढच्या तीन दिवसांत जे झालं ते सगळं या तत्त्वामुळे झालं.

मग हौसेरावांनी कपाटातून एक गंभीर कादंबरी घेतली, ती हलकी व्हावी म्हणून तिची शेवटची शंभर पानं हातात धरून खिशातल्या स्प्रिंगच्या काट्याला लटकवली. तो काटा त्यांनी रिटायर होताना आणला होता, कसा ते मी विचारलं नाही. "हलकी कादंबरी म्हणजे सरासरी दोनशे पंचवीस ग्रॅम. गुणिले बासष्ट. तेरा किलो नऊशे पन्नास ग्रॅम. एवढं वजन उचलणारा माणूस म्हणजे खांदे मजबूत. आता असा माणूस शोधायचा ज्याचा खांदा सध्या दुखतोय."

खांदा गंगाराम वॉचमनचा दुखत होता. गेटवर बाम चोळत बसला होता. हौसेराव आडून गेले.

"काय गंगाराम, पाऊस गेला नाही?"

"गेला की साहेब, पंधरा दिवस झाले."

"खांद्याला काय झालं?"

"काल सगळ्यांच्या गाद्या गच्चीवर चढवल्या. पावसाने कुबट झाल्यात ना, आता ऊन आहे तर बायका सगळं वाळवतात. गाद्या, रजया, डाळी. चार मजले, लिफ्ट नाही. आणि वर त्या रंगूबाईनी मला ती—"

"गाद्यांचं सोड रे," हौसेराव म्हणाले. "तू वाचतोस का?"

"मी? सातवी पास आहे मी."

हौसेराव मला बाजूला घेऊन गेले. "बघितलंस? वाचता येतं. शिवाय विषय गाद्यांवर नेत होता. पक्का मुरलेला आहे."

शनिवारी रद्दीवाला. हौसेरावांची थिअरी नंबर दोन अशी, की चोराने माल रद्दीत घातला असणार. स्टेशनच्या बाजूला एका रद्दीवाल्याचं दुकान होतं. आत शिरल्या शिरल्या हौसेरावांची नजर तराजूवर पडली, आणि मी मनात म्हटलं, गेली आता सकाळ. माझा अंदाज खरा निघाला. तराजूचं एक पारडं पन्नास ग्रॅमने खाली होतं. हौसेरावांच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत पहिल्यांदा असा आनंद दिसला. त्यांनी रद्दीवाल्याला दांडी, काटा, शिक्का, एकोणीसशे शहात्तरचा कायदा, सगळं समजावलं. दोन तास. रद्दीवाल्याने आम्हाला चहा पाजला, नवीन तराजू घ्यायचं कबूल केलं आणि हौसेरावांच्या पाया पडला. बाहेर रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "आणि पुस्तकं?"

"कुठली पुस्तकं?" ते म्हणाले. मग म्हणाले, "हां हां. ती नव्हती तिथे. मी आडून बघितलं."

दुपारी आम्ही घरोघर चौकशीला निघालो. आणि इथे मात्र, खरं सांगतो, माझीपण टरकली. साडेतीनच्या सुमाराला एकाही घरात बाई सापडेना. पहिल्या मजल्यावर बेल वाजवली, नवरा डोळे चोळत बाहेर. "मंडळी?" "नाही बुवा, कुठेतरी गेलीय." शेजारच्या दारात तेच. अध्यक्ष कारखानीस बनियनवर दार उघडून म्हणाले, "सौ. इथेच असेल, चहा करते म्हणाली होती. तीन वाजता." हौसेरावांच्या घरी गोजराकाकी नाहीत. आमच्या घरी कुलूप.

पाच वाजता सगळ्या एकदम परत आल्या. तोंडं लाललाल, हसू दाबलेलं. खुर्शीदच्या नाकाचा शेंडा भाजल्यासारखा झाला होता. डाळ करपवली आणि करपलेली डाळ वाढताना एकटीच खुदकन हसली.

"कुठे होतीस गं?" मी विचारलं.

"वर. गाद्या वाळत टाकल्यात ना, त्यांवर लक्ष ठेवायला."

"दोन तास?"

"गाद्या खूप हायत," ती म्हणाली आणि परत हसली. मी डाळ खाल्ली. गादीवर लक्ष ठेवावं लागतं का, असा एक प्रश्न मला पडला होता, पण तो थेट होता म्हणून मी गिळला.

संध्याकाळी मी काकूंकडे डोकावलो. खिडक्या लावून, अंधारात बसल्या होत्या. समोर वाचनालयातून आणवलेली रिकामी पेटी, तिला फडक्याने पुसत होत्या. पुसून झाली की परत पुसत होत्या.

"युसुफ, एक विचारू? खरं सांग. दिलीपराव म्हणतात तसंच असेल का रे? लोक माझं मन राखायला नेत असतील? तसं असेल तर जाऊ दे ती खोली. उगाच कशाला लोकांना त्रास."

मी म्हणालो, "काय बोलता काकू? खुर्शीद तर..." आणि अडकलो. खुर्शीद वाचते हे मला माहीत होतं, पण सगळे वाचतात का हे मी कधी कुठे बघितलं होतं? मसाला मार्केटातून रात्री घरी येणारा माणूस मी. काकूंना ते कळलं. त्या नुसत्या हसल्या. ते हसू बघून मला स्वतःचा आणि हौसेरावांचा, दोघांचाही राग आला.

वर आलो तर हौसेराव खूष. "केस सुटली! उद्या सभेत जाहीर करणार. तोपर्यंत तोंड शिवून ठेव."

रविवारी चार वाजता सोसायटीच्या ऑफिसात सभा भरली. भरली म्हणजे काय, सात पुरुष, एक काकू आणि एक पंखा. ऑफिस मात्र आमचं झकास होतं. रस्त्याच्या बाजूला, कोरडं, हवेशीर, मधोमध अध्यक्षांचं टेबल.

"कोरम नाही," कारखानीस घड्याळ बघत म्हणाले. "निम्मे फ्लॅट बायकांच्या नावावर आहेत आणि एकही बाई नाही. ठीक आहे, अर्धा तास थांबू. तोवर, काकू, पुस्तकं?"

काकू उभ्या राहिल्या. गुडघ्यांमुळे त्यांना तेवढं करायलाही वेळ लागला. "दिलीपराव, पुस्तकं..." त्या म्हणाल्या.

"पुस्तकं चोरीला गेलीत!" हौसेराव ताडकन उठले. "आणि चोर याच इमारतीत आहे. अध्यक्ष महाशय, तुमची पत्नी रोज दुपारी तीन ते पाच कुठे असते?"

"घरी. चहा करते."

"चहा प्यायलात?"

कारखानीस विचारात पडले. "नाही... गुरुवारपासून नाही."

"आणि तुमची? तुमची? युसुफ, तुझी?"

"माझीपण नसते," मी म्हणालो. बाकी सगळेही एकमेकांकडे बघायला लागले.

"टोळी!" हौसेरावांनी टेबलावर थाप मारली. "महिलांची टोळी! सूत्रधार अध्यक्षांची पत्नी, कारण खोली केबलला गेली की घरात केबलचं कनेक्शन फुकट. एका बाईच्या पदराखाली चार कादंबऱ्या. चार गुणिले दोनशे पंचवीस, नऊशे ग्रॅम. पदराला पेलणारं वजन. बासष्ट भागिले चार. म्हणजे टोळीत बायका साडेपंधरा!"

"अर्धी कोण?" कोणीतरी विचारलं.

"त्याचा तपास चालू आहे."

"तुमच्या गोजरावहिनी कुठे असतात हो दुपारच्या?" कारखानीसांनी विचारलं. हा प्रश्न हौसेरावांच्या थिअरीत नव्हता.

तेवढ्यात दार ढकलून खुर्शीद आत आली. नाक लाल, केसांत कापूस, हातात उघडं पुस्तक, मधे बोट घातलेलं. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ काकूंकडे गेली.

"काकू, डोकं दुखायचं थांबलं का तुमचं? ह्याचा दुसरा भाग कुठाय? वर सगळीकडे शोधला, सगळ्या रजया उलथ्या केल्या, नाय सापडला."

काकूंनी तिच्या हातातल्या पुस्तकाकडे वाकून बघितलं.

"वर?" काकू म्हणाल्या.

"गच्चीवर. तुमीच टाकायला सांगितलीत ना पुस्तकं उन्हात? रंगूबाई बोलली, पेटीला वल धरलीय. खाली पाटी लागलेली, वाचनालय बंद, म्हणून आमी समजलो ह्या वर्षी पेटी गच्चीवरच उघडलीय." मग तिचं लक्ष आमच्या चेहऱ्यांकडे गेलं. "काय झालं? कोण गेलं काय?"

कोणी गेलं नव्हतं. फक्त हौसेराव खाली बसले होते.

काकू सहा वर्षांत गच्चीवर गेल्या नव्हत्या. चार मजले त्यांच्या गुडघ्यांना झेपत नसत. पण त्या दिवशी त्या जिन्याकडे चालायलाच लागल्या. मग मी आणि गंगारामने त्यांना ऑफिसच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलली. हौसेराव मागून येत होते. पहिल्या मजल्यावर ते हळूच म्हणाले, "अठ्ठेचाळीस किलो असतील." गंगाराम म्हणाला, "साहेब, तुम्ही गप बसा." हौसेराव खरंच गप बसले.

गच्चीवर टाकीच्या सावलीत ओळीने गाद्या पसरलेल्या. त्यांवर सोसायटीतल्या बायका, कोणी लोळत, कोणी भिंतीला टेकून, कोणी डाळीच्या परातीवर एक हात ठेवून. आणि सगळ्याजणी वाचत होत्या. आम्ही आठ-दहा माणसं खुर्चीसकट वर आलो, तरी एकीनेही मान वर केली नाही. मधेच एखादी फिसकन हसायची, शेजारीण विचारायची, "टोपीचं आलं का?" आणि ती म्हणायची, "गप, सांगू नको, मी अजून घरमालकापर्यंतच पोचलेय." एका कादंबरीची शिवण उसवली होती. तिचा पुढचा अर्धा भाग गोजराकाकी वाचत होत्या आणि मागचा अर्धा कारखानीसवहिनी.

हौसेराव मोजत होते. "पंधरा," ते माझ्या कानात म्हणाले, "आणि ते अर्धं पुस्तक. बघ, बरोबर आलं की नाही?"

पुस्तकं आवरायला रंगूबाईही शिरवण्याहून आली होती. तिने हौसेरावांना बघितलं आणि कमरेवर हात ठेवले. "सायब, आता तरी बोलू का? पेटीन् वल आल्ती. पुस्तकांना बुरा धरला व्हता. बाय घरान् नाय, चावी मनाच दिल्ती, म्हनून मीच वर टाकली. मी सांगाला आले, त तुमी मना सुट्टी दिली! तीन दिस मी घरान् बसून इचार करते, ह्या मानसाला झाला काय?"

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. त्या खुर्चीत बसून एकेका बाईकडे बघत होत्या, हातातलं पुस्तक ओळखत होत्या. तोंडाने पुटपुटत होत्या, "ही दोन बहिणींची... ही शिंप्याची... ही, ही तर मी दादरला फूटपाथवर घेतलेली..." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग एकदम खेकसल्या, "ए, बोटाला थुंकी लावून पान उलटू नकोस गं!" आणि रडत रडत नाक पुसलं. मी टाकीकडे तोंड करून उभा राहिलो.

कारखानीस नियमाचे पक्के. "कोरम इथे आहे," ते घसा साफ करत म्हणाले. "सभा इथेच घेऊ. ठराव: वाचनालयाची खोली केबलसाठी द्यावी. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

एक पान उलटल्याचा आवाज आला.

"प्रतिकूल?"

सगळे हात वर. प्रत्येकीचा एकच हात, दुसऱ्याने पान धरलेलं. कारखानीसवहिनींचा हात सगळ्यांत उंच होता आणि मान पुस्तकातच होती. कारखानीसांनी तोही हात मोजला. "ठराव नामंजूर," ते म्हणाले. "पुस्तकं खाली नेऊन ठेवा."

"त्याच खोलीन्?" रंगूबाई म्हणाली. "पुन्ना बुरा येल."

"मग ऑफिसात ठेवू," खुर्शीद म्हणाली. "ऑफिस कोरडं हाय, पंखा हाय."

"ऑफिसात माझं टेबल आहे!"

"टेबल न्या त्या खोलीत. टेबल कोण वाचत नाय."

परत हात वर. तो ठराव एकमताने पास झाला, कारण कारखानीसांचा हात त्यांच्या बायकोने धरून वर केला. गंगाराम खांद्याला बाम लावून टेबल हलवायला लगेच खाली गेला. हौसेराव कठड्याशी उभे राहून मला मजकूर सांगत होते, "लिही, बहात्तर तासांच्या अथक तपासानंतर..." मी लिहीत नव्हतो, पण त्यांना ते दिसत नव्हतं, चष्मा खाली राहिला होता.

काकूंना आम्ही खुर्चीतून उतरवून गादीवर बसवलं. खुर्शीद त्यांच्याजवळ सरकली, अजून तसंच मधे बोट घातलेलं पुस्तक घेऊन.

"काकू, दुसरा भाग?"

"तो माझ्याकडे नाहीच गं. पुष्कळ शोधला, मिळाला नाही. मी वाचलाय तो, फार पूर्वी, दवाखान्यात रात्रपाळीला असताना."

"मग तुमीच सांगा ना. त्या दोघांचं जुळतं की नाय?"

एवढ्या वर्षांत काकूंनी कोणालाही कुठल्या पुस्तकाचा शेवट सांगितला नव्हता. शेजारणीसुद्धा पुस्तकं मिटून त्यांच्याकडे बघायला लागल्या. काकूंनी पदराने डोळे कोरडे केले आणि खुर्शीदच्या केसांतला कापूस काढला.

"जुळतं गं," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी ते पेटीत ठेवलंच नसतं."